जावईबापूंची हौस

माझ्या धाकट्या बहिणीला माझ्या धंद्याची लाज वाटते. मी लोकांच्या अंगाला भोकं पाडते. भुवई, जीभ, बेंबी, आणि जिथलं नाव काढलं की आई टीव्हीचा आवाज वाढवते तिथेसुद्धा. शिवाय गोंदते. बहीण शाळेत शिकवते, आणि तिथल्या बायकांना तिने सांगून ठेवलंय की ताई 'सौंदर्यक्षेत्रात' आहे. असू दे बापडी. क्षेत्र तर क्षेत्र.

तर ही बाई एका दुपारी डोक्याला स्कार्फ गुंडाळून, काळा चष्मा लावून माझ्या दुकानात शिरली. मागून तिचा नवरा. आमचे हे जावईबापू विमा कंपनीसाठी आपटलेल्या गाड्या तपासतात. गाडीभोवती फिरायचं, पोचे बघायचे, नुकसान किती ते सांगायचं. घरातही माणूस तसाच, कशाला धक्का न लावता कडेकडेने फिरणारा. त्या दिवशी तर बाकाच्या टोकावर असा बसला, की अर्धा बाहेरच.

"मला टोचून घ्यायचंय," बहीण म्हणाली.

"काय?"

"बेंबी. आणि..." तिने छातीकडे हात नेला आणि लगेच स्कार्फ सारखा केला.

मी हसले नाही. शपथ. फक्त खोकला आला.

माझ्या दुकानाचा एक नियम आहे. जोडीने आलेल्यांना मी आधी वेगळं करते. एकाला बाहेर बसवायचं, दुसऱ्याला आत घेऊन दार लावायचं आणि विचारायचं, ही हौस कोणाची? उत्तर 'माझी' आलं, तर सुई काढायची. 'त्याची' किंवा 'तिची' आलं, तर चहा पाजून घरी पाठवायचं. प्रेमाचं नाव सांगून दुसऱ्याच्या कातडीवर स्वतःची हौस भागवणारे पुष्कळ येतात. त्यांना बघितलं की माझं डोकं फिरतं.

आत आल्या आल्या बहीण रडायलाच लागली.

"ताई, ह्यांच्या फोनमध्ये फोटो सापडले. टोचलेल्या, गोंदलेल्या बायकांचे. म्हणजे तसल्या अवस्थेतले. मी विचारलं, तर म्हणाले, हो, मला त्याने होतं."

"काय होतं?"

"ताई!"

"बरं बरं, कळलं."

"मी सगळं वाचून काढलं. याला शास्त्रीय नाव आहे."

"सर्दीलाही असतं."

"चेष्टा करू नकोस. तिथे लिहिलंय, मोठ्या माणसांनी एकमेकांच्या राजीखुशीने केलं, कोणाला त्रास झाला नाही, तर तो काही आजार नव्हे. मग मी ठरवलं, आपण राजी व्हायचं."

हिला जवळ घ्यावं की एक ठेवून द्यावी, कळेना. राजीखुशी म्हणे! खुशीचा पत्ता नाही, आणि ही राजी होऊन दारात हजर.

"तुला स्वतःला हवंय का?"

"शी! सुई बघितली तरी मला घेरी येते. पण हे मला सोडून गेले तर? लोक काय म्हणतील ते खड्ड्यात जाऊ दे. मला ह्यांच्याशिवाय नाही गं राहता येणार."

आमच्या बहिणीच्या तोंडून 'लोक खड्ड्यात जाऊ देत' हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. आणि मग अशी तिडीक गेली मस्तकात, की तिला बाहेर बसवलं आणि त्या गृहस्थाला आत बोलावलं. म्हटलं, सोनारानेच कान टोचलेले बरे.

"अहो जावईबापू, तुमच्या तोंडावरची माशी हलत नाही, असं आम्ही समजत होतो! बायकोला सुई बघून घेरी येते, आणि तुम्ही तिला इथे आणून बसवता? डोळे तुमचे आणि कातडी तिची? एवढी हौस असेल तर स्वतःला टोचून घ्या की!"

ते खाली बघत होते. "तेच तर," म्हणाले.

"काय तेच?"

"मला तेच हवंय, ताई. माझ्या अंगावर. तिला कशाला? मला फक्त तिने ते बघायला हवंय. लग्नाच्या आधीपासून हे माझ्या डोक्यात आहे. दुसरं काही इतकं... म्हणजे, त्याने जे होतं ते आणखी कशाने होत नाही."

"मग ते बायकांचे फोटो?"

"बायका दोन-चार होत्या. बाकी सगळे पुरुषच."

"मग तसं तोंडाने सांगायला काय झालं होतं?"

"तिने एवढा धीर करून ठरवलं होतं. नको म्हटलं तर तिला अपमान वाटेल, असं वाटलं."

मी कपाळावर हात मारला. एवढं बोलून मी जिंकले असं वाटत होतं, आणि माणूस कुठल्या कुठे निघाला. बहिणीला आत बोलावलं.

"फोटो नीट बघितले होतेस का गं?"

"बघितले की."

"पुरुषांचे?"

"ते पुढे सरकवले. परके पुरुष, तेही उघडे. मी कशाला बघू?"

धन्य ती मर्यादा! नवऱ्याचं मन वाचायला बसली, आणि अर्ध्याहून जास्त सोडून दिलं. मुलांनी असा पेपर लिहिला असता, तर हिने बाकावर उभं केलं असतं.

मी तिला सगळं सांगितलं. आधी तिने हुश्श केलं. सुई टळली ना! मग तिचा चेहरा पडला.

"म्हणजे ह्यात मी कुठेच नाही?"

"बघणारी तू," ते म्हणाले.

"बघणारी! मी इथे तुमच्यासाठी अंगाला भोकं पाडून घ्यायला निघाले, आणि माझी नेमणूक काय, तर बघणारी?" तिने पर्स उचलली. "करा तुम्हाला हवं ते. मी जाते घरी." आणि दारात जाऊन उभी राहिली. गेली मात्र नाही.

"ती जात असेल तर राहू दे, ताई," ते म्हणाले. "हौस माझीच आहे. पण तिला घालवून नको."

ती तशीच परत फिरली, स्टुलावर बसली आणि डोळे गच्च मिटून घेतले. "करा एकदाचं."

त्यांनी शर्ट काढून त्याची व्यवस्थित घडी घातली. छातीवरचे केस पिकलेले. मी जागा पुसली, पेनने ठिपका दिला, चिमटा लावला, श्वास सोडा म्हटलं आणि सुई घातली. त्यांच्या तोंडून जो आवाज आला, तो दुखल्याचा नव्हता. तिला मात्र दुखल्याचाच वाटला असणार, कारण तिने डोळे उघडले. सुई आरपार होती. घेरी यायचं ती विसरून गेली. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"हा चेहरा मला कधी दाखवला नाहीत," ती म्हणाली. आवाजात राग कुठेच नव्हता, मला त्याचंच वाईट वाटलं. "एवढ्या संसारात एकदाही नाही. कुठे ठेवला होतात?"

"लपवला होता. तुला किळस वाटेल म्हणून."

"वाटली असती," ती म्हणाली. खोटं बोलणं तिला कधी जमलंच नाही. "आताही थोडी वाटतेय."

मी बारीक कडी घातली, पट्टी लावली. मला वाटलं, संपलं सगळं, आता हे दोघं दोन रिक्षांनी घरी जाणार. तर तिने स्टूल ओढून खुर्चीला भिडवलं.

"पहिल्यापासून सांगा," ती म्हणाली. वर्गात बोलते तसाच सूर, फक्त थरथरत होता. "कधी सुरू झालं, काय होतं, कसं होतं, सगळं. काही गाळायचं नाही. मी बघतेय तुमच्याकडे."

आणि ते सांगायला लागले. अडखळत, एकेक शब्द जपून, पण तिच्या डोळ्यांत बघून. ती कानापर्यंत लाल झाली होती, तरी नजर हलवत नव्हती.

इतकी वर्षं मी लोकांची कुठली कुठली अंगं बघत आले. माझे डोळे कधी खाली गेले नाहीत. त्या दिवशी गेले. ट्रे उचलला आणि मुकाट्याने बाहेर आले.