कोक्या दाराशी बसतो

"आता तं हद्द झाली. चपलीतच मुतला बाप्पा हा." तुळसाबाईंनी चप्पल दोन बोटांत धरून नवऱ्यापुढं केली. "तुमचीच होय. माही बाजूलेच होती, तिले सोडून देलं. तेवढी अक्कल हाय त्याले."

उकंडाजी खाली वाकले. पलंगाखाली बिस्किटाच्या रंगाचं कुत्र्याचं पिल्लू पुढच्या पायांवर तोंड टेकून त्यांच्याकडं बघत होतं. आपण काही केलंय याची त्याला गंधवार्ता नव्हती.

पिल्लू मुलाचं. प्रफुल्ल पुण्याला नोकरीला. मैत्रेयीनं, म्हणजे नातीनं, हट्ट धरला म्हणून त्यानं ते घेतलं आणि तिनं त्याचं नाव कोको ठेवलं. पण फ्लॅट वरच्या मजल्यावरचा, नवराबायको दिवसभर कामावर, पोरगी शाळेत. पिल्लानं गादीवर केलं, सोफ्यावर केलं, शेवटी लिफ्टमध्ये केलं आणि सोसायटीची माणसं दाराशी आली. सूनबाई दीपा म्हणाली, एक तर याला शिकवा, नाही तर देऊन टाका. मग उन्हाळ्याच्या सुटीत प्रफुल्लनं ते गाडीत घालून पांढरकवड्याला आणलं.

"बाबा, दिवाळीपर्यंत शिकवा त्याले," तो म्हणाला होता. "शिकला का घेऊन जातो. नाही शिकला तं कोणाले तरी देऊन टाका लागन."

मैत्रेयी गाडीत बसताना रडली. "आबाजी, तुम्ही शिकवाल ना त्याला?"

"शिकवीन ना माय," उकंडाजी म्हणाले.

म्हणाले खरे, पण घरात कुत्रा त्यांनी जन्मात पाळला नव्हता. गल्लीतली कुत्री पाहिलेली. शिळी भाकर टाकली की ती शेपूट हलवत आणि आपल्या वाटेनं जात. त्यांनी कुठं काय करावं हे त्यांना कुणी सांगत नसे.

शेजारच्या सदाशिवरावांचं शेत होतं, शेतावर राखणीला कुत्री होती, म्हणून त्यांचा सल्ला घेतला. सदाशिवराव म्हणाले, "सोपं हाय. जिथं केलं तिथं नाक घासाचं त्याचं. दोनदा घासलं का जिंदगीत नाव घेत नाही."

उकंडाजींनी घासलं. मन होत नव्हतं, पण घासलं. पिल्लू ओरडलं नाही, नुसतं थरथरलं. आणि दुसऱ्या दिवसापासून घरात कुठं ओल दिसेना. तुळसाबाई खूश झाल्या. चार दिवसांनी गहू काढायला गेल्या तर कोठीमागं सगळा दर्प. बाहेर नेलं तर पिल्लू उकंडाजींकडं बघत उभं राही, काहीच करीत नसे. आत आणलं की डोळा चुकवून कोठीमागं जाई.

त्या संध्याकाळी उकंडाजी ओट्यावर बराच वेळ बसून होते. पिल्लाला घरात करू नये हे कळलं नव्हतं. माणसासमोर करू नये, एवढंच कळलं होतं. यात चूक त्याची नव्हती. आपण त्याला जे शिकवलं तेच तो शिकला होता.

उकंडाजींची सगळी नोकरी गावाला पाणी सोडण्यात गेली. पहाटे उठायचं, सायकल काढायची, एकेका वस्तीचा व्हॉल्व्ह खोलायचा आणि लावायचा. इकडं खोललं की तिकडच्या टोकाच्या नळाला पाणी कधी पोचतं, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. ते मनाशी म्हणाले, सोडलेलं पाणी कुठंतरी निघणारच. त्याला मारून काय होतं? नळ कुठं ठेवायचा, तेवढं आपल्या हाती.

मग त्यांनी नव्यानं सुरुवात केली. पिल्लू पाणी प्यायलं की थोड्या वेळानं उचलून शेवग्याच्या झाडाखाली न्यायचं. झोपून उठलं की न्यायचं, खेळून दमलं की न्यायचं. रोज तीच जागा. तिथं उभं राहून ते हळूच "शूऽऽ" म्हणत, तान्ह्या लेकराला म्हणतात तसं. तुळसाबाई खिडकीतून पाहत आणि पदर तोंडाला लावून हसत. "पोराच्या येळी एक दिवस नाही म्हटलं तुम्ही शू. आता कुत्र्याचे लाड पाहा." झालं की भाकरीचा तुकडा आणि मानेवर हात. घरात झालंच, तर न बोलता फिनेलचं फडकं मारायचं. रागावायचं नाही. तुळसाबाईंनाही त्यांनी ओरडू दिलं नाही.

आठवडे गेले तेव्हा कुठं भीती निघाली. पिल्लू त्यांच्यासमोर, त्यांच्या पायाशी, निवांत बसून करू लागलं. तोवर तुळसाबाईंनी कोकोचा कोक्या केला होता.

एकच गोष्ट राहिली होती. पहाटे कोक्या दाराशी जाऊन कुईकुई करी. उकंडाजींना ते खपेना. घरातलं माणूस जागं होऊ न देता बाहेर पडायची त्यांची सवय जन्माची. कडीसुद्धा ते दोन हातांनी धरून काढीत. ते कोक्याजवळ जाऊन बोट ओठावर ठेवीत. "चूप. घरचे झोपले हायत." तो गप्प होईपर्यंत दार उघडत नसत. कोक्या हुशार होता. ओरडलं तर दार बंद राहतं, गप्प बसलं तर उघडतं, हे त्यानं बरोबर हेरलं. मग त्याला जायचं असलं की तो दाराशी जाई आणि दाराकडं तोंड करून बसे. भुंकणं नाही, पंजा मारणं नाही. मागं वळूनही बघत नसे.

याचा उकंडाजींना मोठा अभिमान. सदाशिवरावांना त्यांनी मुद्दाम बोलावून दाखवलं. "पाहा. गडबड नाही, बोंबाबोंब नाही. बसते फक्त."

"तुमच्यासारखंच शिकवलं त्याले," तुळसाबाई चहा ठेवताना म्हणाल्या. "हे नाही का भाऊजी, परमनंट कराले साहेबाच्या दाराशी जाऊन बसत. यायच्या मांगून लागलेल्या पोट्ट्यायच्या ऑर्डरी निघाल्या, हे आपले बसूनच."

"झालो ना पण शेवटी."

"झाले. पोरगं कालेजात गेल्यावर."

सदाशिवराव हसले. उकंडाजीही हसले. "मांगून घेण्यात काय मोठेपणा हाय?"

"बसलेल्याले पाह्यणारा असंन तं ठीक हाय," तुळसाबाई म्हणाल्या आणि कपबश्या घेऊन आत गेल्या.

पावसाळा सरला. कोक्याचे पाय लांब झाले, आवाज भरला, पण तो आवाज क्वचितच कानी पडे. दुपारी तुळसाबाई तूर निवडायला बसल्या की तो त्यांच्या मांडीला पाठ लावून झोपे. दिवाळी जवळ आली तशा त्या एकदा सूप थांबवून म्हणाल्या, "अजी, नाही शिकला म्हणून सांगा ना फोनवर. मंग देऊन टाका म्हणन. आपल्याले देऊन टाकला म्हणून समजाचं."

उकंडाजींनी कोक्याकडं पाहिलं. "लेकराले शब्द देल्ला हाय. शिकला, तं शिकला म्हणा लागते."

"मंग ठेवतो म्हणा आमच्यापाशी. तोंड उघडून म्हणा."

"त्याईचं हाय, तुळसा. कसं म्हणाचं?"

रात्री प्रफुल्लचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "शिकला. एकदम साफ." स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात वाजली.

सुटीत प्रफुल्ल एकटाच आला. एक दिवस राहिला, कोक्याला पाहिलं, "मानलं बाबा तुमाले" म्हणाला. निघताना तो गाडीत सामान लावत होता, फोन कान आणि खांद्यात धरलेला. उकंडाजी जवळ गेले. "एक ध्यानात ठेवजो. थो बोंबलत नाही. दाराशी जाऊन बसते. बसला का खोलून द्याचं."

"हो हो, बाबा," प्रफुल्ल म्हणाला आणि फोनवर कुणाला तरी म्हणाला, "नाही नाही, तुम्ही बोला."

उकंडाजींच्या मनात आलं, पुन्हा एकदा सांगावं. पण पोरगं कामाचं बोलत होतं. त्याला कशाला अडवायचं? गाडी हायवेकडं वळली. मागच्या काचेत कोक्याची पाठ दिसत होती.

थंडीत एका रविवारी फोन आला. जयभीम झालं, तब्येती झाल्या. मग उकंडाजींनी विचारलं, "कोक्या कसा हाय?"

"बाबा, त्याले देल्ला. सांगणारच होतो तुमाले. पुन्हा घरात कराले लागला होता. दीपा थकून गेली. चांगल्या लोकायले देल्ला, गावाबाहेर बंगला हाय त्याईचा. मैत्रेयी दोन दिवस जेवली नाही, पण आता ठीक हाय."

"दाराशी बसत नव्हता का थो?"

"बसे ना. सारखा तिथंच जाऊन बसे, दाराकडं तोंड करून. आमाले वाटलं तुमची याद येऊन राह्यली त्याले."

उकंडाजी खुर्चीवर बसले होते ते उठून उभे राहिले. भिंतीवर हात टेकला. मग म्हणाले, "त्या लोकायचा नंबर दे."

"कायले बाबा? बरं नाही दिसत. देऊन टाकलेल्या जनावराची चौकशी..."

"दे मले," उकंडाजी म्हणाले. असा आवाज प्रफुल्लनं कधी ऐकला नव्हता. त्यानं नंबर दिला.

पहिल्यांदा कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदा एका बाईंनी उचलला.

"नमस्कार ताई. तुमच्याइथं कुत्रा आला हाय ना, बिस्किटाच्या रंगाचा..."

"रॉकी? हो. आपण कोण?"

मालक ते नव्हते. "मी पांढरकवड्याहून बोलून राह्यलो," ते म्हणाले. "यवतमाळ जिल्हा. लहान होता तवा माह्यापाशी होता. त्याचं एक सांगाचं राहून गेलं."

"बरं झालं फोन केलात," बाई म्हणाल्या. आवाज चांगल्या माणसाचा होता. "गोड आहे हो, पण सारखा दाराशी जाऊन बसतो. पळून जाईल अशी भीती वाटते, म्हणून बांधून ठेवतो आम्ही. आणि मग बांधल्या जागीच घाण करतो. नोकरमाणसं वैतागलीत. हे म्हणतायत, दुसरीकडे कुठे तरी देऊ."

"पळून नाही जात थो, ताई. बाहेर जायचं म्हणून सांगते. त्याले आवाज कराले मी मना केलतं. माही चुकी हाय. आता कुठं हाय?"

"बसलाय की. साखळी पुरते तिथपर्यंत. दाराकडं तोंड करून."

"खोला ना ताई. एकडाव खोलून द्या. मी मांगतो तुम्हाले. मी थांबतो फोनवर."

फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज आला. मग साखळी वाजली. मग कडी निघाली, एका झटक्यात, मोठ्यानं. आणि फरशीवरून नखं वाजत गेली.

तुळसाबाई कणकेचे हात तसेच घेऊन दारात आल्या. "काय झालं? कोणाचा हाय?"

उकंडाजींनी हात वर करून त्यांना थांबवलं. तिकडं कुठंतरी कुकरची शिटी झाली, कुणीतरी चालत गेलं. फोन कुणी बंद केला नव्हता. उकंडाजींनीही केला नाही. भिंतीकडं तोंड करून, तो कानाला धरून, ते उभे राहिले.