त्याच कबरीत

"बाई, ही डोक्याशी ठेवू का पायाशी?" कबरीत उतरलेल्या नाथाने खालून विचारलं आणि सिमेंटची एक गोणी वर काठावर ठेवली.

गोणीत लिलीची हाडं होती. लिली म्हणजे शांतवनरावांची पहिली बायको. अंबरनाथच्या या दफनभूमीत नवी जागा उरली नव्हती. घरच्याच कुणाची जुनी कबर उघडायची आणि आधीच्या माणसाला आवरून तिथेच कडेला ठेवायचं, असा रिवाज पडून गेला होता. काल शांतवनराव गेले. दुपारी त्यांची पेटी इथेच उतरणार होती, लिलीच्या कबरीत.

"पायाशी," मार्थाबाई म्हणाल्या. क्षणभरही थांबल्या नाहीत.

बुवापाड्याच्या दोन खोल्यांत त्या लग्न होऊन आल्या, तेव्हा लिलीचा विनीत नुकता पाऊल टाकायला लागला होता. त्याचं हगणं-मुतणं, गोवर, दहावी, सगळं मार्थाबाईंनी काढलं. पण भिंतीवर फोटो लिलीचा. पोराच्या तोंडी 'आई' म्हणजे लिली आणि मार्थाबाई आपल्या 'मावशी'. जेवणाआधीच्या प्रार्थनेत शांतवनराव डोळे मिटून प्रभूचे आभार मानायचे, ते आधी लिलीबद्दल, मग भाकरीबद्दल. भाकरी थापणारीचा नंबर काही लागला नाही. वर शेवटी 'आमेन' म्हणायचं ते मार्थाबाईंनीच. स्वर्गात जाऊन बसलेल्या बाईशी भांडायचं तरी कसं? तिची भाजी कधी खारट होत नव्हती, तिचे केस कधी पिकत नव्हते.

वर गेल्यावर हे कोणाचे, असं त्यांनी एकदा पाळकसाहेबांना विचारलंही होतं. तिकडे लग्नबिग्न नसतं, असं ते हसून म्हणाले. लग्न नसेल, पण ओळख तर असेल ना, आणि त्यातही ती आधी पोहोचलेली! मार्थाबाईंचं काही समाधान झालं नाही.

"आणि माझी पाळी आली की रे?" त्यांनी नाथाला विचारलं.

"तवा साहेबांची बी हाडंच ऱ्हातील. त्यांचं न् या बाईंचं एकच गाठोडं बांधायचं. तुमाला फुल जागा."

एकच गाठोडं! "दोन बांधायची," त्या ओरडल्या. "वेगवेगळी! ऐकलंस?"

"दोन तर दोन. टेन्शन नका घेऊ, बाई."

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. पेटी यायच्या आधी जागा बघायला विनीत कात्रपहून आला होता. मार्थाबाईंचं लक्ष पुन्हा गोणीकडे गेलं. तिच्यावर सिमेंटची जाहिरात होती आणि तोंड सुतळीने आवळलेलं. या पोराला आईचा चेहराही आठवत नव्हता. आज भेटणार ती अशी?

त्यांनी घाईघाईने अंगावरची पांढरी शाल काढून काठावर अंथरली, सुतळी सोडली आणि आतलं सगळं अलगद शालीवर घेतलं. किती थोडं होतं! एवढ्याशा बाईवर आपण जन्मभर जळलो, असं त्यांच्या मनात आलं. पण म्हणून जळणं थांबलं नाही. चार टोकं जुळवून त्यांनी गाठ मारली आणि रिकामी गोणी पायाने मातीच्या ढिगाऱ्यामागे ढकलली.

विनीत आला. गाठोडं कशाचं ते त्याला सांगावं लागलं नाही. तो खाली बसला, त्यावर हात ठेवून बराच वेळ रडला.

"नाथाने किती नीट बांधलंय गं, मावशी," तो म्हणाला.

नाथा काही बोलणार, तोच मार्थाबाईंनी त्याच्याकडे डोळे वटारले.

"हो," त्या म्हणाल्या.

विनीतने गाठोडं खाली दिलं. ते छातीशी धरून नाथा पायाच्या बाजूला वळला.

"तिकडे नको," मार्थाबाई म्हणाल्या. "ह्यांच्या उजव्या खांद्याशी ठेव तिला. डावी बाजू मोकळी सोड, ती माझी आहे."