बोटभर जास्तीची तार

शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत, शिवणयंत्राला खेटून, एक जुना कॉम्प्युटर होता आणि त्याच्या पडद्यावर दिवसभर आकाश पसरलेलं असे. गच्चीवरच्या अँटेनाने पकडलेली विमानं पिवळे ठिपके होऊन त्यावरून सरकत, प्रत्येकाशेजारी त्याचा नंबर आणि उंची. काजं करता करता शिंपी मान वर करून बघे. एवढी माणसं डोक्यावरून जातात आणि खाली कुणाला पत्ता नसतो, याचं त्याला रोज नव्याने नवल वाटे.

त्यातला एकच ठिपका त्याचा होता. त्याची मुलगी मालवाहू विमान चालवायची. हे शिकायला ती घरातून निघाली, तेव्हा तो रागाच्या भरात बोलून गेला होता, "जायचं तर जा, पण मला सांगत बसू नकोस." मुलगी बापासारखीच हट्टी. तिने ते शब्दशः पाळलं. खुशालीचा फोन आईला यायचा, बापाला नाही. तिच्या विमानाचा नंबर बायकोने एकदा भिंतीवरच्या कॅलेंडरवर काही न बोलता लिहून ठेवला, आणि त्यानेही तो काही न बोलता पाठ केला.

दुपारी चारच्या सुमारास तो ठिपका उगवे, तरंगत खाडीपर्यंत येई आणि हजार फुटांवर पुसला जाई. विमानतळ खाडीपलीकडे, जेमतेम पंचवीस किलोमीटरवर. पण तेवढं शेवटचं उतरणं काही दिसत नसे. मग बायकोचा फोन वाजेपर्यंत शिंप्याचा जीव टांगणीला लागे. सुईत दोरा ओवला जात नसे.

अँटेना म्हणजे तरी काय, तांब्याची एक उभी तार आणि खाली तिरक्या वाकवलेल्या चार. ती त्याने स्वतःच केली होती. दोनदा आणखी उंच बांबूवर चढवून पाहिली, फरक शून्य. शेवटी नाक मुठीत धरून शेजारच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याला गच्चीवर नेलं. रेडिओवाल्याने शिंप्याच्याच गळ्यातली टेप ओढून तारेला लावली आणि हसत सुटला. उभी तार हवी सात सेंटिमीटरला एक मिलिमीटर कमी. ही साडेआठ भरत होती.

शिंपी ओशाळला. माप त्याला तोंडपाठ होतं. पण कापताना हाताने आपल्या सवयीने बोटभर जास्त सोडलं होतं, पुढेमागे लागलं तर असावं म्हणून.

"ही काय वाढत्या अंगाची पोर आहे?" रेडिओवाला म्हणाला. "हिला नेमकं मापच लागतं. काप."

चाळीस वर्षांत शिंप्याने कधी अंगाबरोबर कापलं नव्हतं. पक्कड घेऊन तो जरा वेळ नुसता उभा राहिला. एकदा तुटलेलं पुन्हा जोडणं किती अवघड, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मग त्याने डोळे बारीक केले आणि खुणेवर बरोबर तार तोडली.

चार वाजले. खोलीत तिरपं ऊन आलं होतं आणि कापडाचे बारीक तंतू त्यात संथ तरंगत होते. ठिपका आज कितीतरी लांबवरच उगवला. खाडीवर आला. हजार. आठशे. चारशे. शिंप्याला वाटलं, आपणच पाण्यावरून अलगद खाली चाललोय, अंगाला वजनच नाही. दोनशे. ठिपका धावपट्टीच्या रेघेवर टेकला, हळूहळू मंदावला आणि थांबला.



पाच मिनिटं झाली असतील नसतील, शेजारी तुरपाई करत बसलेल्या बायकोचा फोन वाजला. इतकी वर्षं त्याला वाटायचं, पोरगी घरी जाऊन, निवांत झाल्यावर फोन करत असेल. ती तर अजून विमानातच होती. बायकोने हात पुढे केला, पण त्याच्या तोंडाकडे पाहून तो मागे घेतला. फोन त्याने उचलला.

"उतरलीस," तो म्हणाला. "बघितलं मी."

 पलीकडून अगदी हळू आवाजात, "बाबा?"

त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही.

"उद्यापासून निघताना सांगत जा," तो म्हणाला. "मला."