अर्धा दस्ता

बंदूकवाले काका आयुष्यभर रायफली विकत आले, पण त्यातली एक आपल्याला विकायची नाही हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं. पण सांगायचं तर का ते सांगावं लागलं असतं, आणि ते सांगताना आपला आवाज धड राहील याची त्यांना खात्री नव्हती.

ती रायफल परदेशातून आली तीच चिरलेला दस्ता घेऊन. दस्ता म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग. प्रवासात पेटी कुणीतरी आपटली असणार. त्याच्या जागी काकूंनी अक्रोडाच्या लाकडाचा नवा दस्ता घडवला. दुकानात लोखंड काकांचं आणि लाकूड काकूंचं, ही वाटणी लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी झाली होती, कारण काकांनी रंधा हातात घेतला की लाकडापेक्षा अंगठाच जास्त सोलला जायचा. दस्ता घडवून झाला की काकू त्याला जवसाचं तेल पाजायच्या. फडक्याने नाही, हाताने. तळहातावर चार थेंब घ्यायचे आणि लाकूड गरम होईपर्यंत चोळायचं. फडक्याला कुठली आलीय ऊब, असं त्या म्हणायच्या. मागच्या टोकापासून सुरुवात करून रोज दोन बोटं पुढे, असं करत एका दस्त्याला पंधरा दिवस लागायचे. काका चिडायचे, गिऱ्हाईक खोळंबायचं, काकू आपल्या चोळत बसायच्या.

या दस्त्याच्या मध्यापर्यंत त्या आल्या आणि म्हणाल्या, "उरलेलं उद्या." हात पुसला, बाटलीला बूच लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं आणि तिथून त्या परत आल्या नाहीत.

दस्ता तसाच राहिला. मागचा अर्धा गडद, तेल प्यायलेला. पुढचा अर्धा फिकट, कोरडा. मधे एक तिरपी रेघ, त्यांचा तळहात जिथे थांबला तिथे. काकांनी दस्ता त्याच रायफलीला बसवला आणि ती मांडणीत शेवटी, भिंतीकडेला ठेवली. दस्ता सोडवून घरी नेता आला असता, पण काकू बसायच्या दुकानात. घरी नेऊन त्याला ठेवायचं कुठे? रोज सकाळी कुलूप काढलं की काका त्या रेघेवरून अंगठा फिरवायचे. गडद बाजूला अंगठा सरकायचा, कोरड्या बाजूला अडायचा. बस, एवढंच. मग दिवस सुरू. पुतण्या गेली आठ वर्षं काउंटर सांभाळत होता. त्याला वाटायचं, काका धूळ पुसतात.

आता परदेशी माल संपल्याच्या अफवेचं. लोक नंतर म्हणाले की ती बंदरातून आली, कुणी म्हणालं सरकारातून. ती आली समोरच्या न्हाव्याच्या आरशातून.

दुकानाचा एक शिरस्ता होता. थंडीच्या आधी सगळ्या रायफली मांडणीतून उतरवून मागच्या खोलीत न्यायच्या, नळ्या साफ करायच्या, तेलपाणी करायचं. चार दिवस मांडणी रिकामी. त्या चार दिवसांसाठी काकू दरवर्षी पाटी लिहायच्या: 'तेलपाणी चालू आहे. माल भरपूर आहे. चार दिवसांनी या.' यंदा काकांनी रायफली उतरवल्या, साफसफाई सुरू केली, सगळं नेमाने केलं. पाटी तेवढी राहिली. पाटी लिहिणं हे एक काम आहे, हेच त्यांना कधी ठाऊक नव्हतं. दरवर्षी ती आपोआप लागायची.

न्हाव्याच्या खुर्चीत बसलं की आरशात समोरचं बंदुकांचं दुकान दिसतं. एरवी भरलेली मांडणी त्या दिवशी रिकामी दिसली, आणि दरवर्षीची पाटीही नव्हती. दाढीला बसलेल्याने विचारलं, माल संपला वाटतं? न्हावी म्हणाला, संपलाच असणार, बाहेरून येणं बंद झालं असेल. 'असेल' हा शब्द दाढीच्या फेसाबरोबर धुऊन गेला. दुपारपर्यंत परदेशी रायफल येणं बंद झालं होतं, संध्याकाळपर्यंत भाव दुप्पट होणार होता, आणि दुसऱ्या दिवशी तर पुन्हा या जन्मी परदेशी रायफल बघायला मिळणार नाही असं शपथेवर सांगणारी माणसं भेटू लागली. ज्यांचा परवाना दहा वर्षं कपाटात पडलेला, आणि ज्यांनी घरातला उंदीरसुद्धा कधी मारला नव्हता, असे लोक दुकानापुढे रांग लावून उभे राहिले.

काकांनी घाईघाईने रायफली परत मांडल्या. लोक म्हणाले, बघा, शेवटचा माल काढला. काका म्हणाले, टंचाई वगैरे काही नाही. लोकांनी एकमेकांना डोळे मारले. काकांनी भाव वाढवला नाही, तर लोक म्हणाले, मुरलेला आहे, खरा माल मागे दाबून ठेवला असणार. इकडे आड तिकडे विहीर. गप्प बसावं तर अफवा खरी ठरायची, बोलावं तर आणखी खरी. पेठेतल्या दुसऱ्या दोन दुकानदारांनी भाव तिप्पट करून टाकला आणि त्यांच्याकडे मात्र कुणी संशयाने पाहिलं नाही.

पाचव्या दिवशी परवाना कचेरीतून काकांना बोलावणं आलं. साठेबाजी करता का, विचारायला. काका नोंदवही बगलेत मारून गेले आणि दिवसभर बाकावर बसले. साहेब जेवायला गेले, जेवून आले, मग त्यांना झोप आली. शेवटी वही पाहून साहेबांनी तिथल्या तिथे प्रकरण मिटवलं, आणि मग हळूच विचारलं, की आपल्या मेव्हण्यासाठी एखादी मिळेल का.

काका परतले तेव्हा मांडणी जवळजवळ रिकामी होती आणि पुतण्या नुसता उजळला होता. सगळ्यात आधी त्याने शेवटच्या रायफलीची बातमी दिली. तुम्हाला इतके महिने जी खपवता आली नाही, अर्ध्या रंगाची, ती सुद्धा गेली, दातांच्या डॉक्टरांना, तिप्पट भावाने. बिचारा शाबासकीची वाट पाहत उभा राहिला.

काकांनी भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाले, बरं झालं, आणि मागच्या खोलीत जाऊन त्यांनी मोरीचा नळ बराच वेळ उघडा ठेवला. ते रडले. आता लपवण्यात काय अर्थ आहे? काकू गेल्या तेव्हा लोक होते, धावपळ होती, रडायला सवड झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरांकडे गेले. खुर्चीत एक बाई तोंड उघडून बसल्या होत्या. डॉक्टर मान वर न करता म्हणाले, काका, मला अंदाज होताच तुम्ही येणार. पण आता चौपट दिलेत तरी ती मिळायची नाही.

"रायफल ठेवा," काका म्हणाले. "मला दस्ता तेवढा हवाय. नवा बसवून देतो. पैसे नकोत."

डॉक्टरांनी हातातलं हत्यार खाली ठेवलं. "काका, फुकट कुणी काही देत नाही. काय आहे त्या दस्त्यात?"

आता एकच वाक्य बोलायचं होतं. तो तिच्या हातचा आहे. डॉक्टर काही वाईट माणूस नव्हता. हे ऐकलं असतं तर त्याने तिथल्या तिथे स्क्रू काढून दस्ता हातात दिला असता. पण खुर्चीतल्या बाई तोंडाचा आ तसाच ठेवून ऐकत होत्या आणि दाराशी चार माणसं गाल धरून बसली होती. त्यांनी मान हलवली, काही नाही म्हणाले आणि जिना उतरले. संध्याकाळी पेठेत नवी खबर होती: आता परदेशी लाकूडसुद्धा संपलं.

त्यानंतर रोज सकाळी काका कुलूप काढायचे आणि त्यांचा अंगठा भिंतीकडल्या रिकाम्या खाचेकडे जायचा. तिथे काही नाही हे कळलं की हात खिशात जायचा. पुतण्याने हे तीन दिवस पाहिलं. तो काही ठोंब्या नव्हता. चौथ्या दिवशी त्याला आठवलं की काकूंनी शेवटी हातात घेतलेलं काम म्हणजे त्या रायफलीचा दस्ता.  काकांना न सांगता तो डॉक्टरांकडे गेला आणि म्हणाला, ती काकूंच्या हातची शेवटची वस्तू, पूर्ण व्हायच्या आधीच त्या गेल्या, चूक माझी आहे, तुमचे पैसे मी परत करतो. डॉक्टरांनाही फार वाईट वाटलं. काकूंनी त्यांच्या दवाखान्याचं लाकडी कपाट एकदा दुरुस्त करून दिलं होतं. पैसे नकोत म्हणाले. म्हणाले, मला आठ दिवस द्या, मी स्वतः घेऊन येतो. पुतण्या हलक्या पायांनी परतला. पण काकांचा अंगठा रोज त्या रेघेवरून फिरायचा, हे त्याला माहीत नव्हतं. ते कुणालाच माहीत नव्हतं. माहीत करून द्यायचं ज्याच्या हाती होतं, तो खिशात हात घालून उभा होता.

त्याच आठवड्यात मालाचा ट्रक आला, नेहमीच्या वेळेला, नेहमीएवढ्या पेट्या घेऊन. अफवा जशी आली तशी गेली, फक्त जाताना कुणाला तोंड दाखवलं नाही. ज्यांनी तिप्पट मोजले होते ते दुसऱ्या दुकानदारांशी भांडत बसले. न्हावी म्हणाला, मी आधीच म्हणत होतो.

आठव्या दिवशी डॉक्टर आले. हातात स्वच्छ पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं, आणि बरोबरच्या माणसाच्या हातात रायफल, दस्त्याविना. पुतण्याने स्टूल पुढे केलं आणि काकांकडे बघून हसला. काकांना काही कळेना. मग डॉक्टरांनी कापड उलगडायला घेतलं तेव्हा त्यांना कळलं, आणि त्यांनी काउंटर धरलं.

"मला तेव्हाच सांगायचं ना," डॉक्टर म्हणाले. "काकूंची वस्तू मी ठेवून घेतली असती का?"

 काकांनी दोन्ही हात पुढे केले.

दस्ता गडद होता. मागच्या टोकापासून पुढच्या टोकापर्यंत, सगळा. दिव्याखाली धरल्यावर त्यात हाताची सावली दिसावी इतका तुळतुळीत. डॉक्टर सांगत होते. दवाखाना बंद झाल्यावर रोज संध्याकाळी बसत होते. आधी बारीक पॉलिश पेपरने मधला उंचसखलपणा काढला. मग जवसाचं तेल. तेही हाताने, काकू कपाटाला लावत होत्या ते त्यांनी पाहिलं होतं. दात भरताना आपला भराव ओळखू येऊ नये म्हणून जी काळजी घेतो तीच घेतली, म्हणाले. सांगताना त्यांचा चेहरा मोकळा, आनंदी होता. कित्येक वर्षांत त्यांनी इतक्या मनापासून दुसऱ्यासाठी काही केलं नव्हतं.

"त्यांचं काम अर्धवट राहिलं होतं. माझ्या हातून पुरं झालं."

काकांनी दस्ता काउंटरवर आडवा ठेवला. मधोमध अंगठा टेकवला आणि हळूहळू पुढे नेला. मग मागे. मग पुन्हा पुढे, थोडं दाबून. अंगठा कुठेच अडला नाही.

"काका, बघा बरं," डॉक्टर वाकून म्हणाले, "काकूंचं कुठे संपतं आणि माझं कुठे सुरू होतं, ओळखू येतंय का?"

काकांनी मान वर केली. पुतण्या हसत उभा होता, डॉक्टर उत्तराची वाट पाहत होते. दोघांच्याही चेहऱ्यावर मायाच होती.

"नाही," काका म्हणाले. "नाही ओळखू येत."

मग त्यांनी पुतण्याला डॉक्टरांसाठी चहा सांगायला पाठवलं, आणि अंगठा तसाच लाकडावर ठेवून ते उभे राहिले.