दगडावर काय कोरलंय

आमच्या मोहल्ल्यातल्या सबोहतच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, त्याला सव्वीस वर्षं झाली. पत्र नवोई शहरातून, तिच्या मावशीच्या घरून आलं होतं. मोहल्ल्यात सगळे मला दोमला, म्हणजे गुरुजी, म्हणतात; तीही तसंच म्हणायची.

'दोमला, हातावर कोडाचा डाग उठला म्हणून मला हमामात न्हाऊ न देता बाहेर काढलं. ठरलेलं लग्नही मोडलं. कोड असलेल्यानं आत यायचं नाही असं दारावरच्या दगडात कोरलंय म्हणतात. ती जुनी लिपी मोहल्ल्यात फक्त तुम्हाला येते. खरंच तसं आहे का? हो की नाही, एवढंच कळवा. परत यायचं की नाही ते मी त्यावर ठरवीन.'

उत्तर मला ठाऊक होतं. पण साऱ्या मोहल्ल्याशी वाद घालायचा, तर चहाखान्यात माझ्याशेजारी बसलं कोण असतं? नीट ताडून पाहू, असं स्वतःला सांगत मी पत्र शब्दकोशात ठेवलं.

पुढे हमाम बंद पडला. आत कापसाची पोती रचली गेली, घुमटांवर गवत माजलं. गेल्या वर्षी मोहल्ल्यातल्याच नोदिरनं तो घेतला आणि तिथं नवं वेलनेस स्पा उभं केलं. दारावरचा तो दगडही घासूनपुसून लख्ख केला. उघडण्याआधी एका गुरुवारी त्यानं मोहल्ल्यातल्या बायकांना बोलावलं. माहितीपत्रक तपासायला मीही बाहेरच्या दालनात बसलो होतो.

ताश्कंदला मालिश शिकून आलेली मेहरांगेज टॉवेल घेऊन पुढं आली. बाह्या वर सरकवलेल्या. मनगटापासून कोपरापर्यंत दूध सांडावं तसा डाग.

मुकर्रम खालांनी आपलं बोचकं छातीशी धरलं. "नोदिर, हे हात आमच्या पाठीला लागणार?"

"खाला, डॉक्टरांनी लिहून दिलंय. हे एकाचं दुसऱ्याला होत नाही."

"मग ते लिहिलेलं तू चोळून घे अंगाला. माझी सून नवी नवरी आहे, तिला डाग उठला तर तू नांदवणार? आणि दारावर कोरलंय ते काय शोभेला?"

बाकीच्या बायका चपला शोधू लागल्या. नोदिरनं आवाज खाली आणला. "मेहरांगेज, आजच्या दिवस तू मागं टॉवेलांचं बघ."

"ताश्कंदलाही आजच्या दिवसच म्हणाले होते," ती म्हणाली. "दगडावर तसं असेल तर मी आत्ताच गाडी धरते. पण आधी कुणीतरी मला वाचून दाखवा."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. चष्मा घरी राहिला असं सांगणार होतो, पण तो नाकावरच होता.

मी दाराबाहेर गेलो. एकेक ओळ बोटानं दाखवत वाचली. "जोडे बाहेर काढावेत. आत भांडी धुऊ नयेत. न्हाव्यानं केस मोरीत टाकू नयेत. पाणी तापवणाऱ्याला शिव्या देऊ नयेत."

"पुढं?" खालांनी विचारलं.

"पुढं गवंड्याचं नाव आहे."

"कोडाचं झिजून गेलं असेल."

"एकही अक्षर झिजलेलं नाही, खाला."

खाला माझ्याकडं वळल्या. "सबोहतला मी दंडाला धरून याच पायरीवरून उतरवलं. तुम्ही समोर चहा पीत होता, दोमला. तेव्हा का नाही बोललात?"

खाला पायरीवरच बसल्या. त्यांची नवी सून पुढं आली. तिनं सासूच्या मांडीवरचं बोचकं उचललं आणि मेहरांगेजच्या हातात दिलं.

"पाणी तापलंय ना?" तिनं विचारलं आणि मेहरांगेजच्या मागून आत गेली.

दुपारी मी शब्दकोश उघडून तिचं पत्र काढलं. सबोहत त्या पत्त्यावर असेल का, असलीच तर माझं पत्र फोडील का, मला माहीत नाही. तीनदा कागद फाडला. चौथ्यावर लिहिलं:

'नाही, सबोहत. दगडावर तसं काहीही कोरलेलं नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं.'

पोस्ट बंद व्हायच्या आत ते पेटीत टाकलं.