तुलनेसाठी ठेवलेला डोळा

मी ससा बोलतोय. बाटलीवरच्या चित्रातला नव्हे, तो वेगळा. तो कायम उडी मारायच्या बेतात असतो आणि त्याला दोन्ही डोळे आहेत. मी पार्लरच्या मागच्या खोलीत, पडद्याच्या आड, जाळीच्या घरात गवतावर पसरलेला असतो. शेवटची उडी कधी मारली होती, तेही आता आठवत नाही.

मला बोलायची हौस नाही. आमची जातच मुळात गप्प. पण अलीकडे जो येतो तो मला बघून 'बिचारा' म्हणतो, गाजर पुढे करतो, फोटो काढतो आणि जातो. या बिचारेपणाचा मला वीट आलाय. गाजराचाही आलाय. आम्हाला खरं तर गवत आवडतं, पण विचारतंय कोण? तेव्हा काय ते एकदाच सांगून टाकतो, म्हणजे मी मोकळा.

माझा जन्म पत्र्याच्या पिंजऱ्यात झाला. त्या खोलीला खिडकी नव्हती. दिवे लागले की सकाळ, विझले की रात्र. माझ्या कानावर एक आकडा गोंदला होता, तेच माझं नाव. आम्ही सगळे पांढरे, सगळे लाल डोळ्यांचे. जगात फक्त पांढरे ससे आणि पांढऱ्या कोटातली माणसं असतात, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

काम सोपं होतं. म्हणजे त्यांचं. आम्हाला एका खोक्यात बसवायचे. डोकं तेवढं बाहेर आणि मान अडकवलेली, पंजा डोळ्यापर्यंत पोचू नये म्हणून. मग उजव्या डोळ्याची खालची पापणी ओढून त्यात थेंब टाकायचे. डावा डोळा तसाच ठेवायचे. तुलनेसाठी. उजवा किती लाल झाला, किती सुजला, हे डाव्याकडे बघितल्याशिवाय कसं कळणार? कोटातला माणूस काही दुष्ट नव्हता. हात मऊ होते त्याचे. थेंब टाकताना तो 'झालं, झालं' म्हणायचा. झालेलं काहीच नसायचं, खरं तर तेव्हा सुरू व्हायचं.

थेंब कशाचा होता ते मला कुणी सांगितलं नाही. पापण्या लांब दिसाव्यात म्हणून लावतात त्याचा असेल, नाहीतर फरशी चकाकावी म्हणून ओततात त्याचा असेल. आग ती आगच. तुमच्यात एखाद्याचे फार हाल झाले की 'ससेहोलपट झाली' म्हणतात, हे मला पुढे पार्लरमध्ये कळलं. एक बाई बस चुकल्याची गोष्ट सांगत होत्या, त्यात हा शब्द आला. मी पडद्याआड ऐकत होतो. म्हटलं, घ्या, शब्दसुद्धा आमच्याच जिवावर.

उजवा डोळा गेला. दुधावर साय धरावी तसा पांढरा झाला. तुलनेसाठी ठेवलेला तेवढा उरला.

पुढे तो तपासणीचा विभाग बंद पडला आणि आमच्यातले जे चालू-फिरू शकत होते, ते प्राण्यांची सोय लावणाऱ्या एका संस्थेकडे गेले. त्या संस्थेतली एक बाई या पार्लरची जुनी गिऱ्हाईक. भुवया करून घेताना माणसाला हलता येत नाही, त्यामुळे त्याची सगळी ताकद जिभेत उतरते. त्या बाईने भुवया होईपर्यंत माझं स्थळ इतकं लावून धरलं, की पार्लरवाली शेवटी म्हणाली, "बरं बाई, आण. पण आता तोंड मिट, नाहीतर एक भुवई वर जाईल."

असा मी या घरात आलो. पुढच्या खोलीत पार्लर, मागे स्वयंपाकघर, मध्ये पडदा आणि पडद्याला लागून मी. पहिल्या दिवशी पडद्याच्या फटीतून पाहिलं तर खुर्चीत एक बाई बसलेली. गळ्याभोवती कापड गुंडाळलेलं, डोकं तेवढं बाहेर, आणि पार्लरवाली तिच्या डोळ्याशी वाकलेली. मी गवतात मागे सरकलो. पण ती बाई उठली, आरशात बघून हसली आणि वर आणखी 'थँक्यू' म्हणाली. मला काही उलगडाच होईना.

पार्लरवालीचं सगळं आयुष्य लोकांच्या डोळ्यांशी वाकण्यात गेलेलं. त्यामुळे मला उचलल्यावर तिने आधी डोळाच पाहिला. "हे कशाने झालं गं?" तिने विचारलं.

"तुझ्या या पेटीत जे आहे ना, तसल्याच कशाने तरी," संस्थेवाली म्हणाली.

पार्लरवाली रडली-बिडली नाही. तिने मेकअपची पेटी उघडली, थोडा वेळ आत बघत राहिली आणि बंद केली. त्या दिवशी तिने जेवणाला हात लावला नाही, एवढं मला दिसलं.

प्राण्यांचे डॉक्टर आले. त्यांनी माझ्या डाव्या डोळ्यात बॅटरी मारली आणि मान हलवली. "हा पण नाजूक झालाय. घरात उग्र वासाचं काही वापरू नका. फवारे तर नकोच. एवढा एकच उरलाय त्याला. हा गेला की संपलं."

मग घरातल्या सगळ्या बाटल्या बदलायचं ठरलं, आणि इथे आई आडवी आली. पार्लरवालीची आई. मीही तिला आईच म्हणतो, माझ्या स्वतःच्या आईची मला आठवण नाही. ही आई एका मोठ्या रुग्णालयात साफसफाईवर देखरेख करायची. वॉर्डाच्या दारात नाक झोंबलं नाही, की ती सगळ्यांना पुन्हा पुसायला लावायची. ज्याला वास नाही ते स्वच्छ नाही, हा तिचा कायदा. निवृत्त झाली तरी कायदा निवृत्त झाला नव्हता.

"आई, यापुढे घरात प्राण्यांवर तपासलेलं काही आणायचं नाही. तोंडाला लावायचंही नाही आणि फरशीचंही नाही."

"मग कुणावर तपासलेलं आणायचं?"

"कुणावरच नाही. आता दुसऱ्या पद्धती निघाल्यात."

"म्हणजे तपासणार आपण दोघी. चांगलं आहे!"

नव्या बाटल्या आल्या. त्यांच्यावर सशाचं चित्र, म्हणजे आतलं प्राण्यांवर तपासलेलं नाही. पार्लरवाली चित्रावरही विश्वास ठेवत नसे, कारण ससा काय, कुणीही काढतो. ती कंपन्यांना फोन करून खोदून खोदून विचारायची आणि पलीकडचे लोक तिला गाणं ऐकवत ठेवायचे. आई मला म्हणायची, "साहेब, तुमचा फोटो आलाय बघा." दिवसभर बसून असतो म्हणून तिने माझं नाव साहेब ठेवलं होतं. मग ती फरशी पुसायला घ्यायची आणि तिची बडबड सुरू व्हायची. "ना फेस, ना वास. फरशीला काय आता मनातल्या मनात स्वच्छ हो म्हणून सांगायचं?"

पार्लरमध्येही फार वेगळं नव्हतं. एका नवरीची मावशी नव्या पेटीतलं सामान बोटाने चाचपून म्हणाली, "लग्नात मुलगी उठून दिसली पाहिजे. सशाचं काय घेऊन बसलात?" आणि नवरीला घेऊन दुसरीकडे गेली. पार्लरवाली हसत दारापर्यंत पोचवायला गेली. परत येऊन माझ्या जाळीला टेकून बसली आणि तिचं हसू तिथेच गळून पडलं. मला तिची कीव आली. माझ्यासाठी कुणी काही सोडावं, याची मला सवय नव्हती. ओझंच झालं त्याचं.

आता जे झालं ते ऐका. या घरात डब्यावर काय लिहिलंय आणि डब्यात काय आहे, यांचा एकमेकांशी संबंध नसतो. बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा, चहाच्या डब्यात डाळ, आइस्क्रीमच्या डब्यात कालची भाजी. कशात काय ते आईला तोंडपाठ. आणि दुसरं म्हणजे आईला भरलेलं काही टाकवत नाही. आधी जुनं संपवू, मग नवं काढू, हा तिचा दुसरा कायदा. जुन्या जंतुनाशकाचा कॅन पार्लरवालीने माळ्यावर टाकला होता. आईने तो खाली काढला. नव्या द्रावणाची एक बाटली रिकामी झाली होती, तिचा फवारा चांगला होता. आईने ती धुतली आणि त्यात जुनं जंतुनाशक भरलं. फक्त बाथरूमपुरतं. बादलीमागे ठेवलं. मनात काही पाप नव्हतं तिच्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी पार्लरवाली माझा ट्रे साफ करायला आली. तिची बाटली संपली होती म्हणून ती बाथरूममध्ये बघून आली. तिथे एक भरलेली बाटली मिळाली, वर सशाचं चित्र. पूर्वी साफसफाईच्या वेळी ती मला बाहेर काढायची. नव्या बाटल्यांवर भरवसा बसला तसं तिने ते सोडून दिलं होतं.

तिने बाटली जवळ आणली तेव्हाच मला वास आला. आमचं नाक चुकत नाही. धोका सांगायला मी मागचा पाय जोरात आपटला. आपटत राहिलो.

"थांब ना साहेब," ती लाडाने म्हणाली, "हे आपलंच आहे."

आणि तिने फवारा मारला.

ससा आयुष्यात क्वचित ओरडतो. त्या खोक्यात मान अडकलेली असताना मी ओरडलो नव्हतो, कारण तिथे दुसरं काही होईल अशी अपेक्षाच नव्हती. इथे ओरडलो.

आई ओल्या हातांनी धावत आली. तिने बाटलीला नाक लावलं. "मी भरलं होतं गं. बाथरूमसाठी," ती म्हणाली. पार्लरवालीने मला नळाखाली धरलं आणि माझ्या डोळ्यावर पाणी सोडत राहिली. पुढच्या खोलीत कुणीतरी डोक्याला मेंदी लावून बसलं होतं, तेही उठून निघून गेलं असावं.

डॉक्टरांनी पुन्हा बॅटरी मारली. या वेळी प्रकाश मला नीट दिसलाच नाही. "डोळ्यावर जखम झालीय," ते म्हणाले. "हे थेंब नेमाने टाका. माणसांच्या डोळ्यांचंच औषध आहे, घाबरू नका. पडले तर काही तरी वाचेल. नाही पडले, तर गेला समजा."

थेंब. पुन्हा थेंब.

पार्लरवालीने मला मांडीवर घेतलं, खालची पापणी ओढली आणि म्हणाली, "झालं, झालं." मी तिला कडकडून चावलो. ती वाईट नाही, हे मला माहीत होतं. तो कोटातला माणूस तरी कुठे वाईट होता? तिच्या बोटाला पट्टी आली आणि पट्टीच्या बोटाने लोकांच्या चेहऱ्याला हात लावता येईना. मी जाळीच्या कोपऱ्यात भिंतीला तोंड लावून बसलो. बाहेर यायचंच नाही, असं ठरवलं होतं. एका डोळ्यासाठी आणखी किती सोसायचं? जाऊ दे तोही. अंधारात निदान कुणी थेंब तरी टाकणार नाही.

मग आई आली. ती गुडघे धरत कशीबशी जमिनीवर बसली. हातात ती औषधाची बाटली.

"आई, जपून. तो चावतो," पार्लरवाली पुढून ओरडली. "आणि औषध बरोबर आहे, बाटलीवर लिहिलंय बघ."

"बाटलीवर काय लिहिलंय ते मला नको सांगूस," आई म्हणाली. "बाटल्यांचं मला चांगलं माहीत आहे."

तिने चष्मा काढून पदरात ठेवला, डोकं मागे टाकलं, आपल्याच डोळ्याची खालची पापणी ओढली आणि त्यात एक थेंब टाकला. मला धूसर दिसत होतं, पण हे दिसलं. मी वाट बघत राहिलो. ती आता ओरडेल, डोळा चोळेल. तिने पापणी फडफडवली, थोडी थांबली.

"नाही झोंबत रे, साहेब," ती म्हणाली. "गार आहे."

आणि तिने तो हात माझ्यापुढे नुसता उघडा ठेवला. मला उचललं नाही, पकडलं नाही. का कोण जाणे, मी भिंतीकडून वळलो. फार दमलो होतो, एवढंच कारण असेल. माझ्या डोळ्यात थेंब पडला. गार होता.

आता माझा डोळा वाचला का, असं सगळे विचारतात. थोडा वाचला. उजेड कळतो, पडदा हलला की कळतं, आईचा हात कळतो. चेहरे गेले. त्याचं फार दुःख नाही, पुष्कळ पाहून झालेत. माळ्यावरचा कॅन कुठे गेला मला माहीत नाही, पण घरात तो वास पुन्हा आला नाही. आई अजून म्हणते की फरशी स्वच्छ वाटत नाही. पण नवी बाटली आली की आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बसते, हात पुढे धरून. गिऱ्हाइकं हसतात. ती म्हणते, "हसा. त्या एका सशाला विचारून झालंय सगळ्यांचं, आता मी मलाच विचारतेय."

मला तुम्हाला काही उपदेश करायचा नाही, तेवढं त्राणही उरलेलं नाही. गाजरं आणू नका. फोटो काढू नका. दुकानात बाटली हातात घ्याल तेव्हा एकच विचारा, हे आधी कुणाच्या डोळ्यात घालून पाहिलं? उत्तर मिळेपर्यंत बाटली हातातच राहू दे.

आता मी पडतो. थेंबांची वेळ होत आली. आई पलीकडे गुडघे धरून उठतेय, तिचं 'आई गं' मला इथे ऐकू येतंय. ती येईल, खाली बसेल, चष्मा काढेल. कितीदा सांगितलं तिला पार्लरवालीने, की अगं रोज रोज स्वतःच्या डोळ्यात कशाला, तीच तर बाटली आहे. ती ऐकत नाही. आधी तिचा डोळा, मग माझा.