चौथा वाटा

गेणबांच्या घरामागच्या दोन खोल्या त्यांच्या मुलानं, किशोरनं, मोबाइलवरून पाहुण्यांना भाड्यानं द्यायला सुरुवात केली होती. तो पुण्याजवळ जांब्याला राहायचा आणि बुकिंग तिथूनच बघायचा. नियमही त्याचाच: निम्मे पैसे आधी, निम्मे किल्ली देताना. गेणबांना तो काही पाळता येईना. दारात आलेल्या माणसाला ते आधी जेवू घालत, आणि आपल्याकडं जेवून उठलेल्याजवळ पैसे मागायला त्यांची जीभ रेटत नसे. "गेल्यावर पाठवा सवडीनं," ते म्हणत.

दिवाळीनंतर चौघं आली. बुकिंग ऋषिकेशचं होतं. उरलेली रक्कम चौघांनी आपापला वाटा पाठवून भागवायची, असं ठरलं. मेधा नावाच्या मुलीनं गेणबांच्या चुलीपुढं बसून भाकरी थापली. ती नकाशासारखी झाली, तरी सगळ्यांनी हसत खाल्ली. त्यांची बायको साळूबाई गेल्यापासून त्या चुलीपाशी दुसरं कुणी बसलं नव्हतं.

तिघांचे वाटे आले, चौथा आला नाही.

"आबा, दर वेळी काहीतरी राहतंच," किशोर फोनवर म्हणाला. "लाइटबिल माझ्या खिशातनं, कमिशन माझ्या खिशातनं. महिनाअखेरीपर्यंत हे अकराशे आले नाहीत, तर खोल्या बंद. कुलूप घाला आणि निवांत राहा."

त्या निवांतपणाचीच गेणबांना धास्ती होती. सोमवार ते शुक्रवार तो पुरून उरत होता.

त्यांनी ऋषिकेशला फोन लावला.

"काका, मी माझे दिलेत. मेधाचे राहिलेत."

मेधा म्हणाली, "मी ऋषिकेशकडे दिले होते. त्यालाच विचारा. आम्ही आता बोलत नाही."

"का गं, भांडलात व्हय?"

"जाऊ दे काका. भाकरी मात्र अजून तुटते."

"पाणी कडत घे की. आन् पीठ लई मळ."

ती हसली, मीटिंग आहे म्हणाली आणि फोन ठेवला. पैशाचं पुन्हा काढायचं राहूनच गेलं. ऋषिकेशनं नंतर फोन उचलला नाही. दोघांच्या भांडणात तो चौथा वाटा बेवारस झाला होता.

गेणबा पौडला गेले. ओळखीच्या भिकूची तिथं चहाची टपरी होती. त्यांनी त्याच्या हातात नोटा ठेवल्या आणि किशोरच्या नंबरवर पैसे टाकायला सांगितलं.

"पोराला पैसं द्यायचं, मग माज्या फोनवरनं कशापायी?"

"माजं नाव दिसाया नको. पाव्हण्यांचं राह्यल्यालं हायेत."

भिकूनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. "पाव्हण्यांचं भाडं तुमी भरताय? मग त्यांच्या चादरी बी तुमीच धुवा."

"त्या मीच धुतुया."

भिकूनं पैसे टाकले. त्याचा फोन जावयाच्या नावावर होता, त्यामुळं किशोरला सुरज हे नाव दिसलं.

"आले बघा, आबा. मागितलं की मिळतं," संध्याकाळी किशोर खुशीत म्हणाला. "पण या वयात तुम्ही लोकांच्या मागं का लागायचं? मी नियमच बदललाय. आता सगळे पैसे आधीच, ऑनलाइन. दाराला आकड्यांचं कुलूप बसवतो. पाहुणे आपापले येतील, आपापले जातील. तुम्हाला उठायलासुद्धा नको."

गेणबांच्या ओठावर खरं आलं होतं. पण ते सांगितलं असतं, तर खोल्या त्याच दिवशी बंद झाल्या असत्या.

"बरं," ते म्हणाले.

नवं कुलूप बसल्यावरच्या पहिल्याच शनिवारी गाडी आली. गेणबा लगबगीनं मागल्या बाजूला गेले. एक मुलगी मोबाइलमध्ये बघून दारावरचे आकडे दाबत होती.

"या. भाकऱ्या टाकल्यात, चार घास खाऊन घ्या."

"नको काका," तिच्याबरोबरचा मुलगा अदबीनं म्हणाला. "बुकिंगमध्ये जेवण नाहीये आमच्या. नंतर हिशोबाचा घोळ नको."

"हिशोब कसला त्यात," गेणबा म्हणाले. तोवर दार उघडलं होतं आणि दोघं बॅगा आत ओढत होती. दार लागलं. आतून कुणीतरी गाणं लावलं, तसे ते वळले आणि आपल्या चुलीकडं गेले. तव्यावरची भाकरी एका बाजूनं करपली होती.